नेलपॉलिशचे थेंब

लेक सुट्टीवर आला तो आमच्या मोटरबोटीच्या हात धुऊन मागे लागला. पॅनलमागच्या वायरी गंजल्या होत्या, हे खरं. त्याने त्या उपटून नव्या ओढल्या, आणि स्विच काढून तिथे गुळगुळीत काचेचा स्क्रीन बसवला. जुनी पट्टी माझ्यापुढे धरून म्हणाला, "आई, ह्या स्विचांवर नेलपॉलिश कोणी सांडलं गं?"

सांडलं म्हणे! थेंबावर थेंब वाळवून मीच ते उंचवटे केले होते. पंपाला एक, दिव्यांना दोन, भोंग्याला तीन. ह्यांची नजर अधू होत चालली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि "पोराला सांगशील तर याद राख," अशी मला तंबी होती. "सांडलं असेल माझ्याच हातून," मी म्हणाले.

संध्याकाळी हे बोटीत चढले; मी धक्क्यावरून पाहत होते. काचेवरून हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. हाताला काहीच लागेना.

"कसं झालंय, बाबा?"

"झकास," हे म्हणाले, आणि खिशातली किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "आता तू येशील तेव्हा तूच चालव."

लेक इतका हरखला की ती किल्ली उंच धरून त्याने बोटीतूनच मला दाखवली.