त्सांको आजोबांच्या नावापुढची रेघ

उकडलेला गहू, वर पिठीसाखर.

आभाळात कोलांट्या खाणारे एक पांढरे कबूतर.

निळी शाई संपली आहे.

सूट घातलेला म्हातारा. तो कॅमेऱ्याकडे बघत नाही.

फुले जिवंत माणसाला विषम संख्येत द्यावीत, गेलेल्याला सम.

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. वरचे तुकडे सुटे दिसतात खरे, पण ते सगळे एकाच गोष्टीतले आहेत. जरा धीर धरा. मी हळू चालतो, आणि माझ्या पंख्यात धूळ आहे.

मला कोणत्या कारखान्यात जोडले ते मला आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती नायदेनच्या छापखान्यापासून. बल्गेरियातल्या एका लहानशा गावात त्याचा छापखाना होता. लग्नपत्रिका क्वचित यायच्या. रोजचे काम एकच होते. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा कागद निघतो: काळी चौकट, फोटो, नाव, जन्माचे साल, एक आडवी रेघ आणि रेघेपुढे दुसरे साल. हा कागद घराच्या फाटकावर लावतात. वर्ष झाले की नवा लावतात. लोक जाता-येता थांबून वाचतात. कित्येक गावांत आता वाचायला तेवढेच उरले आहे.

मी ते काम मन लावून केले. रडत आलेली माणसेही म्हणायची, किती छान दिसतोय. नायदेन संध्याकाळी माझी काच शर्टाच्या बाहीने पुसायचा. पुढे त्याने नवे यंत्र घेतले आणि मला दोल्नी ब्रेस्त गावाच्या शाळेला देऊन टाकले. तिथे मला खिडकीखाली ठेवले. काच कुणी पुसली नाही. रिकाम्या वर्गात दुपारी ऊन माझ्यावर पडले की ते चेहरे एकामागून एक वर येत. सगळे नीट बसलेले, केस विंचरलेले.

रालित्सा पहिल्यांदा माझ्यासमोर बसली तेव्हा मी तिला ओळखले. म्हणजे तिला नव्हे, तिच्या आईला. आई ती लहान असतानाच गेली, आणि तो कागद माझ्यातूनच निघाला होता. रालित्सा पुढे वाकली की माझ्या काचेत तिच्या खांद्यामागे आणखी एक चेहरा वाकायचा. ती कधी वळून बघत नसे. मला वाटते, बघायचे टाळत असे.

आई गेल्यावर तिचे वडील, प्लामेन, स्पेनला कामाला गेले. ते दर वर्षी फोनवर सांगायचे, पुढच्या उन्हाळ्यात नक्की येतो. रालित्सा आजोबांजवळ राहायची.

त्या वसंतात गेनोवेवा बाईंनी मुलांना आपापल्या छंदावर वेबसाइट करायला सांगितली.

कालोयान नावाच्या मुलाने विचारले, "बाई, मोटारसायकल हा छंद धरतात का?"

"तुझ्याकडे मोटारसायकल आहे?"

"नाही. छंद आहे."

रालित्साला काही सुचत नव्हते. तिने माझ्यावर *पोहणे* लिहिले आणि पुसले, कारण नदी आटली होती. *विणकाम* लिहिले आणि पुसले, कारण तिच्याकडे एकच मोजा होता आणि तोही अर्धा. *गाणी* लिहून बराच वेळ बसली, मग तेही पुसले. शेवटी बाईंनी विचारले, कुणी सांगितलेले नसताना तू काय करतेस? ती म्हणाली, आजोबांबरोबर अंगणात उभी राहून वर बघते. वर काय असते? कबुतरे. आजोबांची कोलांट्या मारणारी कबुतरे. मग झाला की छंद, बाई म्हणाल्या.

पानावर बाईंना तीन गोष्टी हव्या होत्या: ज्याने छंद लावला त्याचा फोटो, त्याचे नाव आणि तो छंद कधीपासून आहे. आजोबांचा फोटो एकच होता, मुलाच्या लग्नातला, सुटातला. 'वेळ आली की हाच लावा' म्हणून त्यांनी तो कपाटात बाजूला काढून ठेवला होता. रालित्साने त्याखाली लिहिले:

त्सांको मिनेव
१९५२ –

त्या साली, आठ वर्षांचे असताना, त्यांच्या मामाने त्यांना कबुतरांची पहिली जोडी दिली होती. रेघेपुढे काय लिहू, तिने विचारले. बाई म्हणाल्या, मोकळे ठेव, अजून पाळतात ना?

मित्रांनो, ती जागा माझ्यावर कधीच कुणी मोकळी सोडली नव्हती.

त्या दिवसापासून रालित्साने पान उघडले की कर्सर त्या रेघेपुढे उभा असायचा. लुकलुकत. ती त्याला खाली आणायची. पान मिटून पुन्हा उघडले की तो परत तिथेच.

"भूत बसलंय ह्याच्यात," कालोयान म्हणाला.

"त्याला छंद असेल तर सांग. त्याचंही पान करू," बाई म्हणाल्या.

मग बाईंनी आणखी एक काम दिले. पानाची जाहिरात छापा आणि लोक थांबून वाचतात तिथे लावा. रालित्साने चौकट निळी केली होती, पण छपाईयंत्रातली निळी शाई संपली होती. कागद काळा-पांढरा आला. कबुतरांविषयीची ओळ तळाशी, अगदी बारीक अक्षरांत. आता दोल्नी ब्रेस्तमध्ये लोक कुठे थांबून वाचतात? रालित्साने तो आपल्याच फाटकावर लावला, उन्हाने पिवळ्या पडलेल्या आईच्या कागदाशेजारी.

पुढचे मी पाहिले नाही. ते ती माझ्यासमोर बसून कालोयानला हळू आवाजात सांगत होती.

शेजारच्या स्तांका आजींनी फाटकापुढे थांबून छातीवर क्रुसाची खूण केली. मग जवळ जाऊन पुन्हा वाचले. "वय कमी करून घेतलंय बघा," त्या बरोबरच्या दुसरीला म्हणाल्या. "मेल्यावरसुद्धा तोरा गेला नाही त्सांकोचा." दुसरी म्हणाली, पुढचे साल लिहायचे राहिलेय, पोरीला रडता रडता सुचले नसेल. कुणालाच शंका आली नाही. आजोबा खोकल्याने आजारी होते, बाहेर दिसले नव्हते, आणि त्यांची कबुतरेही उडाली नव्हती. स्तांका आजींनी फाटकाचा फोटो काढून प्लामेनला पाठवला आणि रीतीप्रमाणे गेलेल्याच्या नावाने उकडलेला गहू घेऊन आत गेल्या.

आजोबा स्वयंपाकघरात गरम पाण्यात पाय सोडून बसले होते.

आजींनी ताट टेबलावर ठेवले. आजोबांनी सगळे ऐकून घेतले. मग ताट पुढे ओढले, चमचा घेतला आणि स्वतःच्या नावाचा गहू खाल्ला.

"साखर कमी टाकलीस, स्तांका."

तेवढ्यात फोन वाजला. प्लामेनचा होता. रालित्साने हात पुढे केला.

"उचलू नकोस. आणि स्तांका, तूही काही कळवू नकोस," आजोबा म्हणाले.

ती थांबली. आजोबा जिवंत आहेत एवढे सांगितले असते तर वडील हुश्श म्हणाले असते आणि पुढच्या उन्हाळ्यावर गेले असते. तिला ते यायला हवे होते. तिने फोन वाजू दिला. तो दिवसभर वाजला आणि मग गप्प झाला.

"ते निघालेत, स्तांका आजींना निरोप आलाय," तिने कालोयानला सांगितले. "एकटेच गाडी चालवतायत. रडत असतील. रस्ता दिसेल ना त्यांना?"

कालोयान पाणी प्यायला गेला. तिने पान उघडले.

रेघेपुढे एक आकडा होता. २

मी काही केले नव्हते. तिनेही नाही. सध्याचे प्रत्येक साल याच आकड्याने सुरू होते. तिने तो पुसला. तो आला. पुसला. आला, आणि त्याच्यामागून शून्य आले.

"कुणाचं आहे हे?" तिने विचारले. अगदी हळू, जणू उत्तर देणारा जवळच बसला होता. "आजोबांचं की बाबांचं?"

काचेत तिच्या खांद्यामागचा चेहरा आणखी वाकला. रालित्सा पुसायचे बटण दाबून धरून बसली. घंटा झाली, मुले गेली, तरी बोट उचलेना. तिने बाबांना फोन लावला तो एका हाताने, दुसरा हात बटणावर ठेवून. आजोबा बरे आहेत, गाडी सावकाश चालवा, एवढेच ती बोलली. पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. मग प्लामेन म्हणाले, "मी आता मागे फिरणार नाही."

तेव्हा तिने बोट उचलले. जागा मोकळीच राहिली.

प्लामेन आले तेव्हा गाडीत मागे फुले होती, निघतानाच घेतलेली, सम. आजोबा फाटकात उभे होते आणि वर कबुतरे उडत होती.

"बाबा, हा काय खेळ लावलाय?"

"खेळ कसला. तिच्या शाळेचा अभ्यास आहे."

आजोबांनी त्या गुच्छातून एक फूल उपसून रालित्साच्या हातात दिले. बाकीची, आता विषम, स्वतः घेतली.

दुसऱ्या दिवशी तिघेही शाळेत पान बघायला आले. प्लामेन माझ्यासमोर बसले, आणि ती रेघ पुसायला त्यांचे बोट पुढे झाले.

"राहू दे," आजोबा म्हणाले. "रेघेपुढं जागा आहे तोवर येत जा. नंतर आलास तर मला कळायचं नाही."

प्लामेननी बाहीने माझी काच पुसली. पुसता पुसता, तो चेहरा वाकायचा त्या जागी त्यांचा हात थांबला. कर्सर त्या दिवशी कुठेच नव्हता.

मित्रांनो, जुन्या यंत्राची धूळ अधूनमधून झाडत जा. फाटकावरचे कागद वाचता तसे फाटकाआडच्या माणसांनाही हाक मारत जा. आणि कुणाच्या नावापुढची जागा मोकळी असेल तर ती भरायची घाई करू नका.

मला शाळेला देण्याआधी नायदेनने माझ्यातले सगळे पुसून टाकले होते. आत एकही चेहरा उरला नव्हता.