भिंतीनं धरलेला हात

एकोणीसशे छप्पनचा वैशाख. नागपूर मुंबईकडं जाणार आणि सौंसर मध्यप्रदेशातच राहणार, यावरून मोहगावच्या पारावर रोज हमरीतुमरी चाले. त्या दिवशी मात्र पार ओस पडला होता. सारं गाव पुंडलिकरावांच्या अंगणात जमलं होतं, कारण त्यांच्या भिंतीनं एका बाईचा हात धरून ठेवला होता.

बाई म्हणजे मनकर्णा, पुंडलिकरावांच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग होती आणि तीत तिचा उजवा हात मनगटाच्या वर अडकला होता. पाठीवर चिंचेच्या ओल्या फोकांचे वळ, ओठ फाटलेला. मांत्रिक डमरूबाबा तिच्यापुढं डमरू वाजवत नाचत होता.

"मागल्या साली याच भिंतीनं माझं लिंबू गिळलं का नाही?"

"गिळलं, महाराज!"

"आता तिनं डाकीण धरली! चिमटा तापवा रे!"

लिंबाची गोष्ट खरी होती. गेल्या उन्हाळ्यात बाबानं भेगेत लिंबू ठेवलं आणि पोळ्यापर्यंत भिंत ते गिळेल असं सांगितलं. श्रावणात भेग खरंच मिटली, नि बाबाचं नाव पांढुर्ण्यापर्यंत गाजलं. या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडली, आधीपेक्षा रुंद. त्यातच पुंडलिकरावांचा पाच वर्षांचा सुरेश तापानं निपचित पडला. बाबानं लगेच घरात डाकीण शोधली.

सुरेशची आई देवकाबाई दारात उभी होती. पहिला फोक तिनंच मारला होता. जावेशी तिचं वैर नव्हतं. सुरेश तर काकूच्याच मांडीवर वाढलेला. पण पोर डोळे उघडत नव्हतं, आणि आईला कुणाला तरी मारायचं होतं.

विहिरी खोदणारा गुणवंता खांद्यावर दोर घेऊन आला, तो गर्दी सारून थेट भिंतीपाशी गेला. भेगेला डोळा लावून त्यानं विचारलं, "बाई, मुठीत काय हाय वो?"

"लिंबू," मनकर्णा पुटपुटली. "बाबानं आत टाकलं. धरून बाहेर काढ म्हने."

"सोड त्याले."

"नाही. सोडलं तं सुरेश जाईन म्हनते थे."

देवकाबाई दारातून पुढं आली. इतके फोक खाऊन ही बाई तिच्याच पोरासाठी मूठ आवळून उभी होती.

"सोडलं का पोरगं गेलंच समज!" बाबा ओरडला आणि लाल झालेला चिमटा त्यानं मनकर्णेच्या मानेकडं नेला.

देवकाबाई मध्ये पडली. चिमटा तिच्या दंडावर बसला, कातडं चरचरलं. "मनकर्णे, सोड!" ती किंचाळली. "त्याची माय मी हाय. मी सांगतो, सोड!"

बोटं उघडली. सोललेला, रक्ताळलेला हात बाहेर आला. घरात सुरेशचा ताप होता तसाच होता. चढला नाही, उतरलाही नाही.

गुणवंतानं आपला हात भेगेत घातला, लिंबू धरलं आणि हिसका दिला. हात येईना. "घ्या बाप्पा, मी बी डाकीण! आना चिमटा!" मग मूठ सोडून हात अलगद बाहेर काढला. "तोंडाशी भेग अरुंद, आत माती झडून पोकळ. रिकामा हात येते, मूठ नाही येत."

"मंग मागल्या साली लिंबू कोनं गिळलं?" लाकडाचे व्यापारी भैय्याजी गुरकावले.

"तुमच्या वावरात उन्हाळ्यात पाय जाईन अशा भेगा पडते. पावसानं बुजते. थ्या काय बाबा बुजवते? हे घर अर्धं जुन्या गावठानाच्या टनक पांढरीवर हाय, अर्धं काळ्या वावरात वाढवलं. काळी माती पान्यानं फुगते, उन्हानं आकसते. अर्धं घर जागेवर, अर्धं वरखाली होऊन राहिलं. मधात भेग नाही पडन तं काय होईन?"

मग तेच हात, तेच फोक बाबावर तुटून पडले. डमरू फुटला, दोन दात पडले.

"थांबा!" मनकर्णा ओरडली. "मले मारत होते तवा बी तुमाले असंच खरं वाटत होतं!"

उगारलेले फोक तसेच थांबले.

काळ्या मातीवरच्या अर्ध्या घराच्या पायाखाली द्यायला भैय्याजींनी सागाचे खांब सुचवले. गवंडी म्हणाला, चार हात खोल विटांचे बांधू.

"ओल्या मातीत साग बी कुजन," गुणवंता म्हणाला. "आन् चार हातावर काळीच हाय, खांब तिच्यासंगं हालन. म्या इथं विहिरी खोदल्या; न हालणारा कडक मुरूम अकरा हातावर लागते. चुन्यात बांधलेला दगडी खांब मुरमावर टेकवा. एका टायमाले एकच खड्डा, नाही तं भिंत अंगावर येईन."

मृगाआधी नऊ खांब उभे राहिले. भेग लिंपली, ती परत उघडली नाही.

सुरेशचा विषमज्वर सौंसरच्या डॉक्टरांनी बरा केला. पुढं तो ओव्हरसियर झाला. बाबा लोधीखेड्याकडं गेला, आणि तिथंही भिंती होत्याच. भैय्याजी मरेपर्यंत नवनव्या बाबांना नारळ देत राहिले. गुणवंतानं आणखी चाळीस विहिरी खोदल्या. मनकर्णेची दोन बोटं कधी सरळ झाली नाहीत. त्याच हातानं तिनं सुरेशच्या लेकी न्हाऊ-माखू घातल्या.

देवकाबाईनं दंडावरचा डाग कधी पदराआड केला नाही. घरात आलेल्या प्रत्येक सुनेला तो दाखवून ती एवढंच सांगे, "भिंत फाटली तं खाली खोदून पाहाव. पोरगं तापलं तं डॉक्टरकडे न्याव. मानसाले मारून कायचीच भेग मिटत नाही."