वापनच्या माहेरचं तळं

हॅल्क्रो काहीतरी लपवतोय, हे वापनला त्याच्या पाठीवरून कळलं. नवरा समोरून काय बोलतो यापेक्षा पाठमोरा कसा बसतो ते बायकोला जास्त समजतं. ती आत आली की त्याचे खांदे आखडायचे आणि कागदाची गुंडाळी व्हायची.

"एवढं काय झाकतोस? मला कुठं वाचता येतं?"

"शाई ओली आहे."

"ओली शाई गुंडाळतात होय?"

गड्यानं गुंडाळी काखेत मारली. वापनच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

फरच्या कंपनीनं हॅल्क्रोला नद्या शोधून कागदावर उतरवायला ठेवलं होतं. उन्हाळ्यात होडीतून, हिवाळ्यात पायाला जाळीच्या फळ्या बांधून तो हिंडायचा आणि जागेचं माप घ्यायला जागोजाग पाऱ्याची थाळी मांडून तिच्यात सूर्य बघायचा. कंपनीच्या ठाण्यावरचे लोक म्हणायचे, हा वारा बोलावतो. वापन म्हणायची, वारा परवडला, हा फासेवाले बोलावतो. आणि ते खोटं नव्हतं. ज्या नदीवर त्याची रेघ उमटली, तिथं पुढच्या मोसमाला पूर्वेकडचे भाडोत्री शिकारी लोखंडी फासे घेऊन हजर! मऊ फरच्या, पाण्यात घर बांधणाऱ्या बीव्हरचं पिल्लूसुद्धा ठेवायचे नाहीत मेले. उत्तरेच्या तळ्याकाठच्या लोकांनी त्या हिवाळ्यात स्वतःच्या तंबूंची कातडी उकळून खाल्ली होती.

म्हणून तर तिचा जीव टांगणीला लागला होता. तिच्या बापाचं तळं अजून कुणाला ठाऊक नव्हतं. बीव्हरच्या प्रत्येक घरात एक जोडी सोडायची, मग बाकीचे मारायचे, अशी तिच्या घराण्याची रीत, त्यामुळे तिथं कधी उपास पडला नव्हता. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात हॅल्क्रो भुकेनं मरायला टेकला तेव्हा बापानंच त्याला तिथं नेऊन जगवलं. बदल्यात म्हाताऱ्यानं एकच मागितलं होतं, जावईबापू, हे कागदावर काढू नका. तळ्यात घुसलेल्या खडकावर वापनच्या आईला पुरलं होतं. तिथं हात ठेवून हॅल्क्रोनं शब्द दिला.

आता म्हातारा नव्हता. तळं वापनच्या धाकट्या भावाकडे, कियास्ककडे होतं. आणि शब्द? शब्दाचं काय, तोंडातली वाफ!

त्यात ठाण्याचा मुख्य मॅक्टर्क हॅल्क्रोला रोज बोलावू लागला. मॅक्टर्क म्हणजे सख्ख्या आईनं वाढलेलं जेवणसुद्धा हुंगून बघेल असा माणूस. तो उगाच कुणाला रम पाजत नाही. हॅल्क्रो यायचा तो मान खाली घालून. नकाशा मॅक्टर्कच्या कपाटात कुलपाबंद राहायचा, घरी यायचा तो काही भर घालायची असली तरच.

एकदा तिनं सरळच विचारलं, "तळं काढलंस का रे?"

"नाही म्हणून सांगितलं ना!"

"मग दाखव."

"वापन, तुझा माझ्यावर विश्वास नाही?"

विश्वास असता तर विचारलं असतं का बाईनं? पण त्यानं प्रश्नाला प्रश्न टाकला, आणि तिथंच ती फसली. खरं बोलणारा माणूस कागद पुढं टाकतो, असं तिला वाटलं.

शेवटी एका सकाळी तो चूल पेटवायला वळला आणि गुंडाळी थोडी उलगडली. वापनला अक्षरं येत नव्हती, पण माहेरची नदी तिला येत होती. कागदावर ती होती. कोपरासारखं वळण, खालचा धबधबा, सगळं जसंच्या तसं. वळणाच्या वर, जिथून तळ्याचा ओढा फुटतो, तिथून पुढचा कागद गुंडाळलेला. त्यानं झडप घालून तो उचलला.

संपलं. एवढी नदी काढणारा तळं सोडेल?

त्याच दिवशी तिनं पेमिकन, म्हणजे वाळल्या मांसाच्या वड्या, द्यायला आलेल्या आतेभावाबरोबर कियास्कला निरोप धाडला. नवरा फिरला. फासेवाले येणार. त्यांच्या आधी तूच सगळे बीव्हर काढून घे.

बर्फ फुटल्यावर कियास्क आला तो होडी काठोकाठ भरून. मालाच्या खोलीत त्यानं कातड्यांची रास ओतली. थोरली, मधली, आणि तळहाताएवढ्या पिल्लांचीही.

"ताई, एकही घर ठेवलं नाही," तो तिच्या कानाशी म्हणाला. "बर्फ फोडून फोडून हात गेले बघ."

मॅक्टर्कनं एक कातडं उजेडात धरलं. "माल झकास आहे. कुठला म्हणायचा?"

"इकडचा तिकडचा," कियास्क म्हणाला.

"इकडचा तिकडचा! हॅल्क्रो, आणा तुमचा कागद."

नकाशा फळीवर पसरला. वापन पुढं झाली. तिची नजर नदीवरून धावली, कोपर ओलांडून वर गेली, आणि थिजली.

तिथं काहीच नव्हतं. ओढा नाही, तळं नाही, खडक नाही. नुसता कोरा कागद.

त्यानं शब्द पाळला होता! तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वर्षभर आपण याच्या पाठीवर संशय घेत बसलो, आणि हा मॅक्टर्कला सुगावा लागू नये म्हणून ही कोरी जागा आपल्यापासूनही झाकत होता.

तिला नजर उचलता येईना. मॅक्टर्क नकाशाकडे बघतच नव्हता, तो तिच्याकडे बघत होता. त्यानं शांतपणे तिच्या नजरेखाली बोट टेकलं.

"काय बघताय बाई? इथं तर काही नाही." मग हॅल्क्रोकडे वळून, "सगळा मुलूख पालथा घातलात, आणि नेमकी इथंच शाई संपली?"

"दलदल आहे," हॅल्क्रो म्हणाला. त्याचा आवाज घट्ट होता, पण कानशिलं लाल झाली होती.

"असेल. पुढच्या आठवड्यात माणसं पाठवतो तुमची दलदल बघायला."

"खुशाल पाठवा!" कियास्क भडकला. "आमचं तळं आहे ते. आता तिथं शेपूटसुद्धा दिसायचं नाही तुम्हाला. सगळं इथं पडलंय, तुमच्या पायाशी!"

हॅल्क्रोनं त्या राशीकडे पाहिलं. वाकून एक लहान कातडं उचललं, उलटं केलं, परत ठेवलं. मग वापनकडे वळून तिच्या भाषेत म्हणाला, "तू सांगितलंस याला?"

तिला हो म्हणवेना. मान मात्र हलली.

"मला वाटलं..." ती म्हणाली.

"काय वाटलं?"

तो रागावला असता, हात उगारला असता, तर तिला सोसलं असतं. पण आता झाकायला काही उरलं नव्हतं. मॅक्टर्कच्या दौतीत त्यानं टाक बुडवला आणि कोऱ्या जागेवर ओढा काढला. मग तळं. पश्चिमेकडची खाडी, लव्हाळ्याचं बेट, आत घुसलेला खडक, एकेक काठ न अडखळता उतरला. त्याला सगळं पाठ होतं. खडकाच्या टोकाशी त्याचा हात थांबला. तिथं, तिच्या आईच्या जागी, त्यानं बारीक ठिपका दिला.

"नाव काय लिहू?" त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं.

वापननं बापानं तळ्याला ठेवलेलं नाव सांगितलं. त्यानं लिहिलं.