दुसरी नळी

"थुंकी डबीत घालून पाठवायची आणि घरबसल्या भविष्य कळायचं! मग मी इतकी वर्षं शिकून काय दिवे लावले?" डॉक्टरीणबाईंनी पेशंटचा मोबाइल त्याच्या हातात परत ठेवला. तो हसतहसतच बाहेर पडला. घरी मागवलेल्या जनुक तपासणीचे असले रिपोर्ट कुणी आणले की टर उडवायची, ही बाईंची जुनी खोड. लोक हलके होऊन घरी जात, हेही खरं.

पुढचा नंबर निघाला धाकट्या बहिणीचा. रोज फोनवर तासभर बोलणारी बहीण केसपेपर काढून रांगेत बसली होती.

"अगं, रांगेत कशाला? सरळ आत यायचंस!"

"तुझं हसणं ऐकत बसले होते." धाकटीने फोन पुढे सरकवला. "आता याच्यावर हस."

बाईंनी वाचलं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बदल जनुकात सापडला होता. आई त्यानेच गेली होती, ऐन चाळिशीत. मावशी तिच्याही आधी.

"हे रिपोर्ट पुष्कळदा चुकतात," बाई म्हणाल्या. "रक्त तपासून खात्री केल्याशिवाय..."

"तसं नको, ताई. मघाशी त्या माणसाला बोललीस ना, तसं बोल. थट्टा कर माझी."

आज पहिल्यांदाच कुणीतरी थट्टाच मागायला आलं होतं, आणि नेमकी आजच ती बाईंना सुचत नव्हती.

"तू स्वतःची केलीस का गं ही तपासणी?" धाकटीने हळूच विचारलं. "दुसऱ्यांना लिहून देतेस ती, रक्ताची?"

"वेळच मिळाला नाही."

हे खोटं आहे हे दोघींनाही कळलं. धाकटी चिडली नाही. बाईंना तेच जास्त लागलं. आईच्या आजारपणात हिची वेणी घालून, काहीबाही बोलून हसवत हिला शाळेत धाडायच्या त्या. भीती वाटली की हसायचं, ही सवय तेव्हापासूनची.

त्यांनी बेल दाबली. नर्स दारात आली.

"सिस्टर, रक्त घ्यायचंय. नळ्या दोन आणा. दोन पेशंट आहेत."

"दुसरं कोण, मॅडम?"

बाई उठल्या. अंगातला पांढरा कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला आणि पेशंटच्या बाकावर धाकटीला खेटून बसल्या. बाहीचं बटण काढायला गेल्या, पण ते निघेना. धाकटीने ते काढून दिलं.