चिंचेचा गोळा

“बिरदेवराव, दगडच खराब निघाला हो,” राजलक्ष्मीवहिनी म्हणाल्या. “वर्ष नाही झालं बसवून.”

बारामतीतलं नवं घर, पांढऱ्या संगमरवराचा ओटा, आणि शेगडीशेजारी ताटाएवढा मळकट, निस्तेज डाग. मी बोट फिरवलं. वीस वर्षं दगड घासतोय, बोटाला लगेच कळतं. आणि माझी जीभ, बायको म्हणते तशी, बोटाच्याही पुढे धावते.

“दगडाला कशाला नावं ठेवता? कुणीतरी चिंचेनं घासलाय. संगमरवराला आंबट खातं.”

बोललो आणि दारात बसलेल्या त्यांच्या सासूबाईंकडे लक्ष गेलं. रंगुबाई. चार महिन्यांपूर्वी निरवांगीहून लेकाकडे राहायला आलेल्या. मघाशी याच ओट्यावर त्यांनी मला चहा करून दिला होता. त्यांनी हात पदराखाली घेतले.

“म्याच घासला,” त्या म्हणाल्या. “घट बसायच्या आधी देव उजळलं, चिंच उरली हुती. वट्यावर हळदीचा डाग दिसला. म्हनलं, ह्यो बी देवावानी लखलखंल.”

वहिनी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर परवडलं असतं.

“असू द्या आई,” त्या हळू म्हणाल्या. “आता तुम्ही आराम करा. इथून पुढं स्वयंपाकघराचं मी बघते.”

पन्नास वर्षं खटल्याचा स्वयंपाक केलेली बाई एका वाक्यात बाहेर बसली. काय अडलं होतं माझं? दगड मऊ आहे, एवढंच म्हणालो असतो तर माझी कारागिरी कमी होणार होती का? स्वतःचीच लाज वाटली.

दिवसभर पाणी सोडून मशीन फिरवलं. आधी खरखरीत चकती, मग मऊ, शेवटी पावडर. संध्याकाळी ओट्यात खिडकी दिसायला लागली.

“आंबट सांडलं तर लगेच पुसायचं, एवढंच,” मी वहिनींना म्हणालो. “आजींना करू द्या की.”

“बघू,” वहिनी म्हणाल्या.

रंगुबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. “गेला का वो डाग?”

“गेला, आजी. या, बघा तरी.”

“नगं. तुमी म्हनता म्हंजी गेला.”

निघताना त्यांनी पिशवीतून चिंचेचा गोळा काढून माझ्या हातात ठेवला. बांधावरची चिंच, त्यांनीच फोडून, मीठ लावून वर्षभरासाठी आणलेली.

“घरी न्या. आमटीला चांगली हाय. हितं आता काय कामाची न्हाय.”

नको म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं. जिन्यावरून मागे पाहिलं, तर त्या खुर्चीत बसून बोटांना चिकटलेली चिंच पदरानं पुसत होत्या. बोटं कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसत होत्या.