एकदाच ओढायचं दार

मी कुलपं दुरुस्त करते. किल्ली हरवलेले लोक मला देवासारखं मानतात. आणि मी स्वतःच्या घराचं दार रोज सतरा वेळा ओढून बघायचे. सतराच का, ते विचारू नका. सोळाव्यांदा ते लागल्यासारखं वाटायचं नाही.

गेल्या महिन्यात मात्र हद्द झाली. अर्ध्या वाटेवरून तीनदा परत आल्यावर मी डोकं चालवलं. पेचकस घेतला, दाराचं कुलूप सोडवलं आणि पिशवीत घालून दुकानात नेलं. आता दिवसभर नजरेसमोर राहणार होतं. कुलूप अगदी नीट लागलेलं होतं. घर तेवढं उघडं होतं.

दुकानाच्या मालकांनी आधी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोरी, उद्या दारच घेऊन येशील." मग हसू आवरून म्हणाले, "हे बघ, माझे गुडघे गेले. दुकान सांभाळायला, रोज नऊला शटर वर करायला कुणीतरी हवं. पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी तू उघडून दाखव. नाही जमलं तर दुसरा माणूस बघतो, राग मानू नकोस."

सहा वर्षं कानस घासून मी त्या दुकानावर डोळा ठेवला होता. दुसरा माणूस म्हणे!

बाबांना घेऊन मी मनाच्या डॉक्टरबाईंना गाठलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, ओसीडी. गोळी दिली आणि वर गृहपाठ. दार एकदाच ओढायचं आणि निघायचं. भीती दहापैकी किती ते वहीत लिहायचं. "ती चढेल आणि आपोआप उतरेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही परत जाऊन खात्री केलीत, की तिला वाटतं आपल्यामुळेच घर वाचलं." बाबांनाही ताकीद मिळाली: हिने विचारलं तर खात्री द्यायची नाही.

बाबांचं तोंड उतरलं. ते माझ्या आधी कामाला निघतात, त्यांना दाराचं काहीच माहीत नसतं. तरी इतकी वर्षं मी फोन केला की ते "लागलंय गं बाळा" म्हणायचे. ऑफिसातून, न्हाव्याच्या खुर्चीतून, एकदा तर ऑपरेशननंतर भूल उतरताना.

महिनाभर सराव केला. सतरावरून नऊवर आले, नऊवरून तीनवर. तीनवर अडकले.

सोमवारी दार एकदा ओढलं. हात कडीवरून निघेना. "चल," मी त्याला म्हणाले. जिन्यात भीती आठ. कोपऱ्यावर नऊ. खटका वाजल्याचं आठवत होतं, पण तो कालचाही असू शकत होता. फोन लावलाच.

"बाबा, दार लागलंय ना?"

पलीकडे मोठा श्वास. "माहीत नाही."

"बाबा!"

"मला काय विचारतेस, मी काय दार आहे? गेलं असेल घर. भांडीसुद्धा नेली असतील."

त्यांचा आवाज माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता.

"नेली तर नेली," मी म्हणाले आणि फोन खिशात टाकला. पाय पुढेच टाकत राहिले. "असेल उघडं! राहू दे उघडं!" मी भर रस्त्यात ओरडले. शेजारून जाणाऱ्या गृहस्थांनी घाईघाईने पँटची चेन तपासली.

आठ अठ्ठावन्नला शटर वर गेलं. भीती सात. दुपारपर्यंत ती चारवर उतरली. आधी नुसती शटरची किल्ली दिलेल्या मालकांनी आता दुकानाच्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला.

संध्याकाळी घरी गेले तर बाबा आधीच आलेले, दारातच उभे. त्यांच्या पोटात काहीतरी मावत नव्हतं.

"अगं, मी आलो तेव्हा दार..."

"नको, बाबा."

"चांगली बातमी असली तरी?"

"चांगली असली तर मुळीच नको."

"आणि वाईट असली तर?"

"तीही ठेवा तुमच्याकडेच. आयुष्यभर."

टीव्ही जागेवर आहे का हेही बघायचं नव्हतं, म्हणून मी डोळे मिटून स्वयंपाकघराकडे निघाले आणि स्टुलावर आपटले. म्हणजे स्टूल चोरीला गेलेलं नाही. तेवढं कळलं. त्याला माझा इलाज नाही.