पाचवी ओळ

पत्नीच्या निधनास वर्ष पूर्ण झाले त्या रविवारी, सकाळी ठीक नऊ वाजता, प्रार्थनागृहाच्या पहिल्या बाकावरून कुलूपवाला उठला, चार ओळी खणखणीत आवाजात म्हणाला आणि थांबला. प्रार्थना सात ओळींची होती. सातही ओळी म्हणेल त्यानेच गेलेल्या माणसाचे नाव अखेरीस उच्चारायचे, असा तिथला नियम. आणि ते नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडी जाऊ द्यायचे नाही, एवढ्याचसाठी तो आज आला होता.

"पुढे म्हणा, दाजी," मागून मेहुणा कुजबुजला. "लोक बघताहेत."

"बघू देत. पुढची मला अजून आलेली नाही."

"आलेली नाही? अहो, पोपटालाही सात ओळी पाठ होतात!"

"पाठ मलाही आहेत. पण मी पोपट नाही."

जन्मभर त्याने देवाशी उभा दावा मांडला होता. पत्नी रोज सकाळी प्रार्थना म्हणायला लागली की तो मुद्दाम कानस घासत बसे. ती गेली आणि सकाळी घर इतके मुके झाले की, एक दिवस चिडून त्यानेच पहिली ओळ म्हणून पाहिली: 'हा दिवस मी मिळवलेला नाही, मला मिळाला आहे.' ती अर्ध्यावरच अडली. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा म्हणून पाहिली. हरवलेली किल्लीही तो अशीच घडवी. कोरी पट्टी दिव्यावर धरून तिच्यावर काजळी चढवायची, कुलपात हलकेच फिरवायची, आणि काजळी जिथे खरवडली जाईल तेवढ्याच जागी कानस लावायची. घाई केली की पट्टी वाया. पहिली ओळ न अडखळता बाहेर पडायला दोन महिने लागले. चौथी, 'मी हाक मारतो, कारण कोणीतरी ऐकते,' गेल्याच आठवड्यात सुटली होती. पाचवी मात्र अशी होती: 'तू जे नेलेस, ते योग्यच नेलेस.'

मेहुणा आता उभाच राहिला.

"म्हणायची नसेल तर बसा. ताईचं नाव मी घेतो."

"घेऊन तर बघ." कुलूपवाल्याने बाकाची कड घट्ट धरली. "बत्तीस वर्षं तिच्याशी रोज भांडलो, पण खोटं एकदाही बोललो नाही. आज तिच्या देवाशी बोलू?"

"आई, तूच सांग गं यांना!"

बाकाच्या टोकाशी सासूबाई बसल्या होत्या. जमलेल्यांपैकी निम्म्या लोकांना ही प्रार्थना त्यांनीच शिकवली होती. मांडीवरच्या रुमालाची घडी त्यांनी मोडली, पुन्हा घातली.

"मी काय सांगू? वर्ष झालं, पाचवीला मी नुसते ओठ हलवते."

मेहुण्याचा आवाज एकदम खाली आला. "तू?"

"मीच. बस खाली."

मग जावयाकडे न पाहता, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "चार ओळी म्हणाले, चारही खऱ्या म्हणाले. नाव जावईच घेतील."